दान नको, दारापर्यंत उपचार हवेत

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला सरफोजीराजे आठवतात. दुसऱ्या सरफोजींनी (राज्यकाळ 1798 ते 1832) धन्वंतरी महालात औषधं बनवून घेतली, नेत्ररुग्णांच्या नोंदी ठेवल्या. मोठं काम होतं. पण ते राजाच्या मर्जीवर चाललं. आपल्याला बाबासाहेबांनी मर्जीची नाही, हक्काची भाषा शिकवली.

म्हणून आजचं तंजावर बघावं. 2021 पासून तमिळनाडूत ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ ही सरकारी योजना आहे. तिच्यात स्वयंसेविका रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या घरी पोचवतात. अंथरुणाला खिळलेल्यांना घरीच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी शुश्रूषा देणं हाही तिचाच भाग आहे.

हृदयविकारावर आता चांगले उपचार आहेत. 2017 मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. हृदय कमजोर झालेल्यांना उपयोगी पडणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं आणि स्वस्त गोळ्या आल्या. पण स्टेंट बसला म्हणजे आजार संपला असं नाही. काहींचं हृदय थकतच जातं. पाय सुजतात, धाप लागते, रात्र बसून काढावी लागते. आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातला खर्च उचलते. घरी आल्यावर मात्र मजुरी बुडवून आई, बहीण किंवा सूनच सगळं करते.

आणि आयसीयूच्या दारात कागद येतो तो तुमच्या हातात, कारण घरात पहिले शिकलेले तुम्हीच. ज्यांच्या नात्यात डॉक्टर आहेत, ते एक फोन करून विचारतात. आपल्याकडे तो फोन नाही. जातीनं काहींना दिलेलं भांडवल ते हेच. व्हेंटिलेटर नको म्हटलं तर ‘पोरानं पैसे वाचवले’ असं लोक म्हणतील, या धाकानं आपण कर्ज काढतो.

म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: या उपचारानं काय साधेल? त्रास किती होईल? घरी काळजी घेता येईल का? पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार सोडणं नव्हे. ती उपचारांसोबतच सुरू करता येते. सन्मानानं मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्य केला. शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची पद्धत 2023 मध्ये सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. आईवडील धडधाकट असतानाच त्यांची इच्छा विचारून घ्या.

आणि महाराष्ट्र सरकारला विचारा: गोळ्या आणि शुश्रूषा आमच्या वस्तीत, आमच्या दारी कधी येणार?