आधी संग्रहालय, मग समुद्र

इंग्लंडमध्ये अनेक कुटुंबे सुट्टीत समुद्रकाठी तंबू ठोकून राहतात. पाऊस आला तरच संग्रहालयात जायचे, असा पुष्कळांचा बेत असतो. मला तो पटत नाही.

डॉर्सेटमधील लाइम रीजिस हे गाव घ्या. येथील कड्यांतून जीवाश्म, म्हणजे दगड बनलेले प्राचीन जीव, मिळतात. ते शोधणारी मेरी ॲनिंग १७९९ साली जेथे जन्मली, तेथेच आज संग्रहालय आहे. ते आधी पाहिले, तर किनाऱ्यावर दगड कोणता आणि जीवाश्म कोणता, हे मुलांना ओळखता येईल. (मोठ्यांनाही!)

मात्र भरतीची वेळ पाहूनच निघा. पाणी कड्याला भिडले, की परतीची वाट बंद होते. कड्याखाली तर बसूच नका. १८३३ साली तेथे दरड कोसळली आणि मेरीचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला.