रोहितांचे पाणी कोणाच्या हिशेबात?

हिवाळ्यात येरळवाडी, सूर्याचीवाडी किंवा मायणीच्या तलावावर रोहित उतरल्याची वार्ता पसरली, की सातारा-सांगलीकडून मोटारींची रीघ लागते. थेट काठापर्यंत वाहने नेली जातात, छायाचित्रासाठी थवा मुद्दाम उडविला जातो आणि दुपारी मंडळी परततात. पक्षिप्रेमाच्या नावाने घडणारा हा उपद्रव थांबला पाहिजे, याविषयी दुमत नसावे. तथापि प्रश्न केवळ प्रेक्षकांच्या शिस्तीचा नाही.

२०२१ साली मायणी परिसरातील तलावांच्या समूहास शासनाने पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केले. ही व्यवस्था अभयारण्याहून निराळी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा; त्यात २००२ च्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव' ही कल्पना आली. स्थानिक जनतेशी विचारविनिमय करून शासकीय जमिनीवर असे क्षेत्र घोषित करावयाचे आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत संबंधित ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी घ्यावयाचे, अशी तरतूद आहे. तरतूद चांगली, पण समितीचे काम सल्ला देण्याचे. सल्ल्याला पैशाचे आणि पाण्याचे पाठबळ नसेल, तर तो इतिवृत्तातच राहतो.

रोहित हा उथळ पाण्यात चरणारा पक्षी. चोच उलटी बुडवून तो चिखलमिश्रित पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म जीव व शेवाळ टिपतो. भारतातील त्याची मुख्य वीण कच्छच्या रणात होते. तेथील हंजबेटावरची वसाहत पाहण्यास डॉ. सलीम अली १९४५ साली गेले होते. खटाव-माण हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथील तलाव हिवाळ्यात ओसरत, उथळ कडा उघड्या पडत आणि पक्ष्यांना चारा मिळे. म्हणजे शेतकऱ्याची टंचाई ही पक्ष्याची सुबत्ता होती, हे कटू असले तरी मान्य केले पाहिजे. आता उरमोडी, टेंभू यांसारख्या उपसा योजनांचे पाणी या भागात पोहोचत आहे. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्याने तलाव काठोकाठ भरावा आणि गाळ उपसावा अशी मागणी केली, तर त्याला पक्षिद्वेष्टा कोण ठरविणार? शहरातील पक्षिमित्राला तर मुळीच तो अधिकार नाही. त्याच्या नळाचे पाणी कोणी रोहितांसाठी तोडलेले नाही.

येथे समूहाचा उपयोग होऊ शकतो. तलाव एक नसून अनेक आहेत. सर्व एकाच वेळी भरण्याऐवजी आळीपाळीने एखाद्या तलावाची पातळी हिवाळाभर खाली ठेवता येईल, निदान गाळ काढताना एक बाजू मुद्दाम उथळ राखता येईल. ज्या गावाची पाळी येईल, त्याचे सिंचन त्या हंगामात घटेल. त्याची भरपाई रोख आणि वेळेवर झाली पाहिजे. लाभ सर्वांचा आणि बोजा एका गावाचा, हा हिशेब फार काळ टिकत नाही. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वराचा अनुभव ताजा आहे. धो. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर उभे राहिलेले आणि १९८५ साली अभयारण्य झालेले हे वन म्हणजे शेतीच्या समुद्रातील एक बेटच. पण हरणे कुंपणाबाहेर आली, की पीक शेजारच्या शेतकऱ्याचे जाते.

भरपाईचा पैसा काही अंशी प्रेक्षकांकडून यावा. कास पठारावर दर दिवशी ३ हजार माणसांची मर्यादा आणि प्रवेशशुल्क आले, तेव्हा कुरकुर झालीच. तरी फुले पाहणारे जायचे थांबले नाहीत. न्यूझीलंडमधील कपिटी बेट १८९७ पासून राखीव आहे. तेथे १९९६ मध्ये उंदरांविरुद्ध मोठी मोहीम झाली. आजही मोजक्यांनाच प्रवेश मिळतो, आणि नावेत बसण्यापूर्वी प्रत्येकाची पिशवी उंदरासाठी तपासली जाते. आपल्याकडे पिशवी तपासण्याचे कारण नाही. वाहन काठापासून दूर थांबविले आणि माणशी शुल्क घेतले तरी पुष्कळ झाले.

मात्र हे शुल्क सरकारी तिजोरीत जमा होऊन वर्षभराने अनुदानरूपाने परतणार असेल, तर गावाला त्यात स्वारस्य उरणार नाही. ते समितीच्या खात्यात राहावे, ग्रामसभेत त्याचा जमाखर्च वाचला जावा, आणि पाण्याची पाळी ठरविताना पाटबंधारे खात्याचा अधिकारी त्याच बैठकीस हजर असावा. ही बैठक पावसाळा संपताच, म्हणजे रब्बीचे आवर्तन ठरण्यापूर्वी व्हावयास हवी. पक्षी आल्यावर भरविलेल्या बैठकीत पाण्याचे वाटप केव्हाच होऊन गेलेले असते.