तपासणीआधी फवारणीची वही

द्राक्षाच्या सालीवर नॅनोकणांचा थेंब टाकायचा, त्यावर लेसरचा झोत धरायचा आणि औषधाचा अंश आहे का ते काही मिनिटांत बघायचं, अशी हातात मावणारी यंत्रं आता निघाली आहेत. उद्या असं यंत्र घेऊन कोणी इंदापूर-बारामतीच्या बागेत आलं, तर जरूर बघा. मात्र त्याच्या भरवशावर फवारणीची शिस्त सोडू नका.

तंत्र खरंच चांगलं आहे. रेणूवर पडलेल्या प्रकाशातला थोडासा भाग रंग बदलून परततो, हे सी. व्ही. रामन यांनी 1928 साली दाखवलं. प्रत्येक पदार्थाचा हा बदल वेगळा, म्हणून त्यावरून पदार्थ ओळखता येतो. पण हा प्रकाश फार क्षीण. रेणू चांदीच्या खडबडीत पृष्ठभागाला चिकटला की हा प्रकाश कैक पटींनी वाढतो, हे 1970 च्या दशकात कळलं. आता त्यासाठी सोन्या-चांदीचे नॅनोकण वापरतात. थायरमसारखं गंधकयुक्त बुरशीनाशक चांदीला घट्ट धरतं, त्यामुळे चटकन सापडतं.

जे औषध धातूला चिकटत नाही, ते मात्र निसटू शकतं. सालीवरचं मेण आणि रसातली साखरही घोळ घालतात. शिवाय यंत्राला ज्याची खूण शिकवलेली नाही, त्याचं नाव ते सांगणार कसं?

मोठ्या प्रयोगशाळांनाही हे चुकलेलं नाही. 2010 साली महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाटमुळे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतात त्या ‘सीसीसी’मुळे. युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलीग्रॅम, म्हणजे टनाला अवघे 50 मिलीग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं. अहवाल स्वच्छ आला, माल परदेशी गेला आणि तिथे अडकला.

म्हणून बागायतदारांनो, औषध, प्रमाण आणि तारीख त्याच दिवशी वहीत लिहा. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत, ते मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत बघा. ‘जैविक’ म्हणून विकली जाणारी, पण लेबलावर घटक नसलेली बाटली घेऊ नका. शंका आली तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. हातातल्या यंत्राने अंश दाखवला, तर काढणी थांबवा आणि नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल हातात आला की नेमकी कोणती औषधं तपासली, ते आधी वाचा.

ग्राहकांनो, द्राक्षं वाहत्या पाण्यात चोळून धुवा. वरचा अंश त्याने कमी होतो. आत मुरलेला जात नाही. तो रोखणं बागेतच शक्य आहे. तेव्हा ओळखीच्या बागायतदाराकडून माल घेताना फवारणीची वही मागा, आणि ती दाखवणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या.