मैदानावर पाठवताना

रिसोडच्या एका वाचक भगिनीनं पत्रातून विचारलं आहे: "माझी मुलगी बारा वर्षांची आहे. शाळेत फुटबॉल शिकली, आता संध्याकाळी क्लबमध्ये जाते म्हणते. सर चांगले आहेत असं सगळेच सांगतात. तिच्या बाबांची हरकत नाही. पण सासूबाई म्हणतात, 'पोरीले मैदानावर कायले धाडतं वं?' मलाही मनातून धाकधूक वाटते. पाठवू की नको?"

पाठवा, असंच माझं उत्तर आहे. पण नुसतं 'पाठवा' म्हणून भागणार नाही. क्लबला आधी काय विचारायचं, नंतर कशाकडे लक्ष ठेवायचं आणि घरात मुलीशी काय बोलायचं, हे तिन्ही ठरवून पाठवा. पत्र एकीचं असलं तरी प्रश्न पुष्कळ जणींचा आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

फुटबॉल आता काही कोल्हापूर-मुंबईपुरता राहिलेला नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा भारतात झाली. तिच्या तोंडावर १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल खेळायला लावला होता. आपल्या नागपूरला विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना या खेळाकडे वळवलं. 'झुंड' हा चित्रपट त्यांच्याच कामावरून निघाला, तो तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. आपल्या वाशीम जिल्ह्यातली मुलंही सुब्रतो चषकाच्या शालेय स्पर्धा खेळतात. जिल्ह्यात जिंकलेला संघ अमरावती विभागात जातो आणि तिथून राज्यावर. वाशीम, कारंजा, मंगरूळपीरच्या मुलींनी त्यात उतरू नये असं थोडंच आहे?

क्लब म्हटलं तरी आपल्या गावांतलं चित्र साधं असतं. शाळेचं पटांगण किंवा क्रीडा संकुलाचं मैदान, दोन गोलपोस्ट, वीस-पंचवीस मुलं आणि एक सर. खोली नाही, कार्यालय नाही, शिपाई नाही. बहुतेक सर हौसेनं, प्रसंगी पदरचे पैसे घालून शिकवतात, आणि त्यांच्याबद्दल आपल्याला आदरच वाटायला हवा. पण संघात कोण खेळणार, बाकावर कोण बसणार, अमरावतीला कोण जाणार, हे सगळं त्या एका माणसाच्या हाती असतं. मोठ्यांना ही गोष्ट किरकोळ वाटेल. बारा वर्षांच्या मुलाला मात्र तेच सारं जग असतं. एखादा माणूस वाईट निघाला, तर तो याच गोष्टीचा फायदा घेतो.

इंग्लंडातली हकिगत सांगते. अँडी वुडवर्ड नावाचा फुटबॉलपटू २०१६ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा उघडपणे बोलला. लहानपणी त्याच्या प्रशिक्षकानं, बॅरी बेनेलनं, त्याच्यावर वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार केले होते. हा बेनेल पोरांमधला गुणी खेळाडू हेरण्यात नाव कमावलेला माणूस. आईबाप मोठ्या विश्वासानं मुलं त्याच्या घरी मुक्कामाला पाठवत. वुडवर्ड बोलला आणि मग एकामागून एक कितीतरी पुरुष पुढे आले. २०१८ साली बेनेलला ३१ वर्षांची शिक्षा झाली. पण ही मुलं इतकी वर्षं गप्प का राहिली? अनेक कारणं होती. त्यातलं एक प्रत्येक आईनं लक्षात ठेवावं असं आहे: बोललो तर आपलं फुटबॉल संपेल, ही भीती.

आपल्याकडे ही भीती दुप्पट, आणि मुलींच्या बाबतीत चौपट. कारण आपल्या घरांत काहीही झालं की पहिला हुकूम सुटतो, "उद्यापासून मैदान बंद!" कुणी वाटेत शेरा मारला, मैदान बंद. सामना लांबला आणि उशीर झाला, मैदान बंद. आपण हे काळजीपोटीच करतो. पण त्यातून मुलगी एवढंच शिकते, की घरी सांगितलं तर शिक्षा आपल्यालाच होते. मग पुढे खरोखर काही झालं तरी ती गिळून टाकते.

म्हणून बूट-मोजे घ्यायच्या आधी मुलाला एक वचन द्या. "मैदानावर, प्रवासात, फोनवर कुणाचंही काही वागणं तुला आवडलं नाही, तर मला सांग. मी रागावणार नाही, आणि तू सांगितलंस म्हणून तुझा खेळ बंद करणार नाही. बदलायचं ते आम्ही बदलू." हे एकदा बोलून सोडू नका, अधूनमधून पुन्हा बोला. आणि मग ते वचन पाळा. वडिलांकडून आणि सासूबाईंकडूनही तेच वदवून घ्या, नाहीतर आईचं वचन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे चालत नाही, हे मुलं बरोबर ओळखतात!

हे फक्त मुलींच्या आयांसाठी आहे, असं मात्र समजू नका. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक छळाला तोंड दिल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे किंचित जास्तच होते. तेव्हा "आपला तर मुलगा आहे, त्याला काय होतंय" असं म्हणून निर्धास्त राहू नये.

आता क्लबला काय विचारायचं ते पाहू. आपल्यातल्या पुष्कळ जणी इथेच अडखळतात. सर ओळखीचे, कदाचित नात्यातले, त्यांना कसं विचारायचं? वाईट वाटलं तर? मी स्वतः अर्धवेळ शिकवते, म्हणून सांगते. पालकानं सरळ आणि आदरानं विचारलं तर चांगल्या शिक्षकाला राग येत नाही. उलट नियम ठरलेले असले की त्याच्यावरही उद्या कुणी खोटं बालंट आणू शकत नाही. एकटीनं जाऊ नका. चार-पाच जणी मिळून जा, आणि "आम्हाला तुमच्यावर संशय आहे" असा सूर न लावता "सगळ्या मुलांसाठी काही गोष्टी ठरवून घेऊ या, सर" असं म्हणा.

पहिली गोष्ट, शिकवणाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? २०२० साली पॉक्सो कायद्याखाली जे नियम आले, त्यांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पडताळणी वेळोवेळी करून घ्यायची आहे. शाळा आणि पाळणाघरांबरोबर खेळाच्या प्रबोधिनींचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा हे विचारणं म्हणजे आपला आगाऊपणा नव्हे.

दुसरी गोष्ट, कुणाही मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर बंद जागी थांबायचं नाही. जादा सराव असेल तर तो उघड्या मैदानावर आणि निदान तीन-चार मुलं असताना. दुखापत झाली तर पाय पाहायचा तो सगळ्यांसमोर, मुलाला विचारून. 'मालिश करून देतो' म्हणून खोलीत नेणं अजिबात नको. मुलींना कपडे बदलायला आणि लघवीला जायला आडोशाची, कडी लागणारी जागा हवी. मैदानावर तशी सोय नसेल तर जवळच्या शाळेशी किंवा एखाद्या घराशी बोलून आधी ठरवून घ्या.

तिसरी गोष्ट फोनची. सरावाची वेळ, सामन्याची तारीख, सगळे निरोप पालक असलेल्या व्हॉट्सअॅप गटावर यावेत. मुलाला स्वतंत्र आणि तेही रात्री निरोप जात असतील, तर ते लगेच थांबवायला सांगा.

चौथी गोष्ट भेटवस्तूंची. गरजू मुलाला सरांनी बूट घेऊन दिले, यात वाईट काहीच नाही. कित्येक सर असं करतात आणि त्यातूनच मुलं पुढे येतात. पण देणं उघड असावं, आईवडिलांना सांगून असावं. "घरी सांगू नकोस हं" असं म्हणून दिलेला चॉकलेटचा तुकडाही मुलानं घरी सांगितलाच पाहिजे. आपल्या घरात असलं गुपित चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक हवं.

सर्वांत जास्त जपायचं ते प्रवासात. २०२२ साली सतरा वर्षांखालच्या मुलींची जागतिक स्पर्धा भारतात व्हायची होती. त्याच्या काही महिने आधी भारताचा मुलींचा संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना सहाय्यक प्रशिक्षकावर एका अल्पवयीन खेळाडूशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला, आणि महासंघानं त्याला काढून टाकलं. देशाच्या संघात असं घडू शकतं, तर आपण गाफील राहून कसं चालेल? अकोला-अमरावतीला संघ जाणार असेल तर मुलींबरोबर एक बाई असायलाच हवी, मग ती शिक्षिका असो की कुणाची आई. आयांनी आळीपाळीनं जायचं ठरवलं तर कुणा एकीवर भार पडत नाही. मुक्काम कुठे, गाडी कुठली, परत किती वाजता, हे कागदावर लिहून घ्या. रात्री मुलं वेगळ्या खोलीत आणि मोठी माणसं वेगळ्या खोलीत झोपतील, हे आधीच विचारून ठेवा. मुलाला आपले दोन फोन नंबर तोंडपाठ असावेत.

अंगाला होणाऱ्या इजांबद्दल थोडक्यात सांगते. आपल्याकडचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच हवा, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. पाणी मागणं म्हणजे नाजूकपणा, असं मानणाऱ्या सरांना स्पष्ट सांगा. वीज कडाडायला लागली की सामना थांबवून मुलांनी पक्क्या इमारतीत जायचं, झाडाखाली नाही. लोखंडी गोलपोस्ट जमिनीत पक्का रोवलेला आहे ना, हे यजमानांनी एकदा हलवून पाहावं. त्याला लोंबकळताना तो अंगावर पडून मुलं दगावल्याची उदाहरणं आहेत. पाय मुरगळला तर चोळू नये, फडक्यात बर्फ बांधून लावावा. डोक्याला जोरात मार बसला तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांकडे जायचं. चुकलं म्हणून छडीनं मारणं किंवा उन्हात पळायला लावणं, याला 'शिस्त' म्हणू नका.

मूल काही सांगत नसेल तरी त्याच्या वागण्यातून कळतं. रोज पाचच्या ठोक्याला तयार होणारी मुलगी एकाएकी पोट दुखतं म्हणू लागली, एका विशिष्ट माणसाचं नाव निघालं की गप्प झाली, झोपेत दचकू लागली, तर रागावून "पैसे भरलेत, जा मुकाट्यानं" म्हणू नका. पोळ्या लाटताना किंवा केस विंचरताना हळूच विचारा. समोर बसवून उलटतपासणी घेतली तर मूल मिटतं.

आणि मुलानं काही सांगितलंच, तर? सगळ्यांत आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. "तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा. तेच ते पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. त्या माणसाला घरी बोलावून 'आपसांत मिटवण्याच्या' भानगडीत पडू नका. गावात बोभाटा नको म्हणून मोठी मंडळी हेच सुचवतील, आणि तो माणूस दुसऱ्या गावात दुसरी मुलं शिकवायला मोकळा होईल.

२०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे. अशी गोष्ट कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचं वागणं दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो, तोही गणवेशाशिवाय. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही, आणि वर्तमानपत्रांना त्याचं नाव छापता येत नाही. '१०९८' हा मुलांसाठीचा फोन रात्रंदिवस आणि फुकट आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बाल कल्याण समिती आणि बाल संरक्षण कक्ष असतो, तिथेही जाता येतं. हा नंबर गॅसच्या नंबराशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.

रिसोडच्या भगिनीला एवढंच आणखी सांगते. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा तरी मैदानावर जाऊन बसा. विणकाम न्या, भाजी निवडायला न्या, आणि सासूबाईंनाही बरोबर न्या. आया-आज्या येऊन बसतात त्या मैदानावर कुणाची वेडंवाकडं वागायची सहसा छाती होत नाही. शिवाय नातीनं गोल मारलेला एकदा डोळ्यांनी पाहिला, की पुढच्या वेळी 'कायले धाडतं' म्हणण्याऐवजी त्याच तिला लवकर आवर म्हणतील!