न धुतलेला रोल

जुने घर आवरताना ट्रंकेच्या तळाशी वडिलांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा सापडला. मागच्या तांबड्या खिडकीत सातचा आकडा दिसत होता. म्हणजे बारांपैकी सहा छायाचित्रे निश्चित, सातवे कदाचित, काढलेले होते. स्टुडिओत नेला, तर मालकाने थेट झाकणालाच हात घातला. त्याला वेळीच थोपविले, नाहीतर सारे तेथेच संपले असते. ‘‘सर, रोल आता कोण धुतो? टाकून द्या,’’ असे तो म्हणाला.

हा सल्ला सद्‌हेतूचा असला तरी चुकीचा आहे. फिल्मवरील चांदीच्या क्षारांवर प्रकाशाचा जो संस्कार होतो तो अदृश्य असतो, पण सहजी पुसला जात नाही. स्वीडनच्या आंद्रे यांच्या १८९७ सालच्या बलूनमोहिमेतील फिल्म १९३० साली ध्रुवप्रदेशातील एका बेटावर सापडल्या, आणि तेहतीस वर्षांनंतर त्यांतून ९३ छायाचित्रे मिळाली. तेथे बर्फ होता, आपल्याकडे उष्मा आणि पावसाळी दमट हवा आहे, हे खरे. त्यामुळे फिल्म काळवंडत जाते व मूळ चित्र त्यात बुडू लागते. रंगीत फिल्मचे नुकसान अधिक होते. पण यावरून निघतो तो निष्कर्ष घाई करण्याचा, फेकून देण्याचा नव्हे.

अडचण अर्थशास्त्राची आहे. उटकमंडला १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी आज इतिहासजमा झाली आहे. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही; मागणी गेली, कारखाना गेला. रंगीत रोल धुणाऱ्या यंत्रालाही रोजचे काम लागते, ते नसेल तर रसायने वाया जातात. मात्र नव्या फिल्मची मागणी सरली म्हणून ट्रंकांतून पडलेला साठा सरला नाही. त्याच्या मालकांना आपल्याजवळ काय आहे हेच ठाऊक नसते. मग ते किंमत काय बोलणार? बाजार अशा मागणीची दखल घेत नाही.

कृष्णधवल रोलला मात्र एक अंधारी खोली, टाकी, तापमापक, डेव्हलपर आणि हायपो पुरतो. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने वर्षातून एक आठवडा हे काम अंगावर घेतले तर खर्च नगण्य येईल. आम्ही प्राध्यापक मंडळी याहून निरुपयोगी उपक्रमांचे अहवाल दरवर्षी लिहितोच. तोपर्यंत निदान कोणी झाकण उघडू नये. कॅमेरा थंड, कोरड्या जागी ठेवावा. मोठ्या शहरांतील मोजक्या प्रयोगशाळा अजून रोल स्वीकारतात.

आमचा रोल अशाच एका ठिकाणी धुऊन घेतला. चार चित्रे पार काळवंडली होती, तीन आली. एकात खळ्यावर उभी असलेली, नऊवारीतील एक बाई आहे. मी तिला ओळखले नाही. आईने फोटो खिडकीशी नेला आणि चटकन सांगितले, ‘‘ह्या तुझ्या वडिलांच्या आत्या.’’ घरात त्यांचे दुसरे छायाचित्र नाही, आणि त्यांना ओळखणारे माणूसही आता आईखेरीज कोणी उरलेले नाही.