वटवाघूळ बदनाम, गोठा बेवारस



मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळे तपासली. काहींच्या रक्तात निपाहची प्रतिपिंडे निघाली. म्हणजे विषाणू येऊन गेल्याची खूण, साथ नव्हे. वटवाघळे मारा म्हणणाऱ्यांना आम्ही बजावतो: हुसकलेली वटवाघळे चार गावांत पांगतील, रोग असलाच तर तोही पांगेल.

मलेशियात १९९८-९९ साली डुकरांच्या वाड्यांलगतच फळझाडे होती. वटवाघळांची उष्टी फळे डुकरांनी खाल्ली, त्यांच्याकडून रोग माणसांत आला, असे शास्त्रज्ञ सांगतात. शंभरावर माणसे गेली. सरकारने दहा लाखांवर डुकरे मारली. बुडाला कोण? पाळणारा!

गुहेपर्यंत शास्त्रज्ञ पोचले, चांगलेच झाले. माण-जतच्या गोठ्यातल्या आजारी जनावराचे रक्त घ्यायला कोण येणार? की साथ आल्यावर बंदूकच येणार? जनावर मारायचेच तर बाजारभावाने पैसे आधी मोजा!