निर्यातदारांचे बोलणे आणि आपल्या फडातला ऊस



साखरेची निर्यात ही विक्री खात्याची आणि मुंबईच्या व्यापाऱ्याची बाब, आपला संबंध वजनकाट्यापुरता, अशी आपल्याकडे समजूत आहे. मला ती मान्य नाही.

अंधेरी पूर्वेला सीप्झ ही निर्यात वसाहत आहे. १९७३ साली ती इलेक्ट्रॉनिक मालासाठी सुरू झाली, पुढे तेथे हिरे-दागिन्यांचे कारखाने आले. परदेशी गिऱ्हाइकासाठी चढाओढ करणारे लोक तेथे एकाच आवारात आहेत. शेजार असला की बोलणे होतेच. कोणत्या देशाने कोणता नियम काढला, पैसे कोठे अडकतात, माल कशापायी परत येतो, एवढे धंद्याचे गुपित राखूनही बोलता येते.

आपल्या साखरेची बोलणीही मुंबईतच होतात, पण शिवारात येते ती फक्त भावाची बातमी. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. जून २०२२ पासून निर्बंध आले आणि पुढच्या हंगामाला ६० लाख टनांचा कोटा ठरला. तेव्हा बंदरापासून लांब असलेल्या उत्तर प्रदेशातील कारखान्यांनी आपला निर्यात कोटा महाराष्ट्रातील कारखान्यांना दिला आणि बदल्यात देशातल्या विक्रीचा कोटा घेतला, वर पैसेही घेतले. अशा वेळी बाजारातले बोलणे ज्याच्या कानावर आधी, त्याचा सौदा बरा होणार. पुढे २०२३-२४ ला परवानगीच नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना मिळाली.

पण खरा मुद्दा फडातला आहे. परदेशी रिफायनरी कच्ची साखर घेताना गोडी व रंग पाहते, तसे डेक्स्ट्रानही मोजते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यात जिवाणू वाढतात आणि हा चिकट पदार्थ तयार होतो. रस बुळबुळीत होतो, साखरेचे दाणे लांबट पडतात. मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर करारानुसार किंमत कापली जाते. जाळून तोडलेला ऊस तर आणखी लवकर बिघडतो. चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा हे आम्ही शेतकी खात्याचे लोक घोकत असतो, आणि सभासदांना वाटते, हे नेहमीचेच!

यावर कोणी विचारील, "साहेब, ट्रॉली दोन दिवस यार्डात उभी असते, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. तो दोष शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. तोडणीचा कार्यक्रम आणि गाळपाचा वेग यांचा मेळ कारखान्यानेच घालायचा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, जेव्हा निर्यातीची परवानगी असेल तेव्हा व्यापाऱ्यांशी होणाऱ्या बोलणीला शेतकी खात्याचा एक माणूस आणि एक ऊस उत्पादक सभासद बसवावा. माल कापला गेला तर किती रुपये आणि कशामुळे, हे याच पत्रिकेत छापावे. ज्या गटातून ऊस शिळा येतो त्या गटाच्या चिटबॉयला, मुकादमाला आणि सभासदांना ते वाचून दाखवावे. येत्या वार्षिक सभेत हा विषय कोणा सभासदाने मांडल्यास हवी ती माहिती आमच्या खात्याकडून मिळेल.